उशीर झाला म्हणून लेट-ब्रेकिंग होत नाही

परवा रात्री साडेदहाला फोन वाजला. आमच्या ट्रायलमधली रिसर्च डॉक्टर होती. "मॅडम, लेट-ब्रेकिंगचं पोर्टल उघडलंय, अकरा दिवस आहेत, आपण आत्ताच टाकून देऊया का? चारच कल्चर यायची राहिलीत."

मी तिला म्हटलं उद्या सकाळी बोलू. फोन ठेवला पण झोप काही लागली नाही, कारण हाच प्रश्न मला गेल्या सतरा वर्षांत वेगवेगळ्या तोंडांनी इतक्यांदा विचारला गेलाय की एकदा नीट लिहूनच काढावं असं वाटलं. मी डॉक्टर नाहीये, स्टॅटिस्टिशियन आहे, पुण्यात बसून मेडिकल रिसर्चचे आकडे बघते, बरंचसं काम टीबीचं. ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे कॉन्फरन्सला निकाल मांडायला मिळावा म्हणून पाठवायचा अडीचशे-तीनशे शब्दांचा तुकडा, पण त्याच्या आधीची रात्र सगळ्यात जास्त माझ्या वाट्याला येते, कारण शेवटचा आकडा माझ्याकडून जायचा असतो.

तर आधी हे लेट-ब्रेकिंग म्हणजे काय ते सांगते, कारण नवीन पोरांना वाटतं की मेन डेडलाईन चुकलेल्यांसाठी ठेवलेली ही दुसरी खिडकी आहे. तसं नसतं. मोठ्या कॉन्फरन्सची मेन डेडलाईन खूप आधी असते. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीची काँग्रेस ऑगस्टच्या शेवटी भरते आणि ॲबस्ट्रॅक्ट फेब्रुवारीत द्यावे लागतात. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीची मीटिंग डिसेंबरला, ॲबस्ट्रॅक्ट ऑगस्टच्या सुरुवातीला. मधल्या चार-सहा महिन्यांत जगात कुठेतरी एखादी ट्रायल संपते, डेटा लॉक होतो, म्हणजे आता त्यात काही बदलायचं नाही असं ठरतं, आणि असा निकाल येतो की तो वर्षभर थांबवून ठेवणं बरोबर नाही, पेशंटच्या दृष्टीने बरोबर नाही. अशा निकालासाठी ती खिडकी आहे. मेन डेडलाईनच्या दिवशी तो निकाल जगात अस्तित्वातच नव्हता, ही पहिली अट. आणि तो इतका महत्त्वाचा असावा की लोकांनी हातातलं काम थांबवून ऐकावं, ही दुसरी. हिमॅटॉलॉजीवाले त्यांच्या लेट-ब्रेकिंग सेशनला साधारण सहाच निवडतात. सहा! अख्ख्या जगातून.

आमच्या टीबीत ही "निकाल अस्तित्वातच नव्हता" भानगड कशी होते ते सांगते, कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं. साध्या, औषधांना दाद देणाऱ्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. कोर्स संपला की पेशंटचा बेडका घ्यायचा, लॅबला पाठवायचा, कल्चर लावायचं. आता टीबीचा जंतू फार हळू वाढतो. लिक्विड कल्चरच्या मशीनमध्ये ट्यूब ठेवली की काही वाढलं तर ते आधी कळतं, पण "काही वाढलं नाही" असं म्हणायला पूर्ण बेचाळीस दिवस थांबावं लागतं. जुन्या पद्धतीचं एलजे मीडियम असेल तर आठ आठवडे. म्हणजे बघा, जो पेशंट बरा झालाय, ज्याच्यामुळे आपला निकाल चांगला येणारे, त्याचाच रिपोर्ट सगळ्यात शेवटी येतो. जो बिघडलाय त्याचा लवकर येतो. त्यामुळे अर्धवट डेटा बघितला की चित्र नेहमी आहे त्यापेक्षा वाईट दिसतं, किंवा कुणी राहिलेल्या सगळ्यांना निगेटिव्ह धरून टाकलं तर आहे त्यापेक्षा चांगलं दिसतं. दोन्ही चूकच. त्यात आपल्याकडचा उन्हाळा, एप्रिल-मे मध्ये तालुक्याहून डबी निघते ती आईसपॅक वितळायच्या आत लॅबला पोचली नाही तर दुसरेच जंतू वाढून बसतात, कल्चर कंटॅमिनेट, मग आशाताईंना परत पेशंटच्या दारात जावं लागतं, आणि सहा महिने औषध घेऊन खोकला थांबलेला माणूस बेडका आणणार कुठून. हे सगळं त्या चार ट्यूबांच्या मागे आहे. कॉन्फरन्सच्या कॅलेंडरला यातलं काही माहीत नसतं.

मला स्वतःला हा फरक एका रिजेक्शनने शिकवला. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कॉलेजबरोबर काम करत होते, नाव सांगत नाही, त्यांचा ऑब्झर्वेशनल स्टडी होता, डेटा जानेवारीतच हातात होता. पण तेव्हाच इन्स्पेक्शन लागलं, सगळं डिपार्टमेंट रजिस्टरं आणि फाईलींमध्ये बुडालं, मेन डेडलाईन निघून गेली. मग सर म्हणाले लेट-ब्रेकिंगमध्ये टाकू. पोर्टलवर एक चौकट होती, हा निकाल लेट-ब्रेकिंग का मानावा आणि डेटा कधी उपलब्ध झाला ते लिहा. आम्ही तिथे तीन ओळी भरल्या, विषय किती महत्त्वाचा आहे वगैरे, तारीख लिहिलीच नाही. एका ओळीचं उत्तर आलं, या कॅटेगरीत बसत नाही. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, आज वाटतं रिव्ह्यूअरने बरोबर केलं. आमचा उशीर झालेला होता, निकाल उशिरा आलेला नव्हता. त्या रेसिडेंटचं मात्र नुकसान झालं, कारण बरीच वर्षं पीजीच्या नियमात एक पोस्टर, एक पेपर वाचन आणि एक पब्लिकेशनला पाठवलेला पेपर असं लागायचं, आणि त्याचा त्यातला एक पाय तिथे अडकला. पोरं घाई करतात ती हौस म्हणून करत नाहीत, हे मला मान्यच आहे.

त्यामुळे आता कुणी विचारलं की मी पहिला प्रश्न एकच विचारते, शेवटच्या पेशंटची शेवटची व्हिजिट कुठल्या तारखेला झाली आणि डेटाबेस कधी लॉक झाला किंवा होणार? ती तारीख मेन डेडलाईनच्या नंतरची असेल तर पुढे बोलू. आधीची असेल तर पुढच्या वर्षी रेग्युलरमध्ये टाका, नाहीतर दुसरी कॉन्फरन्स बघा. त्यात काही कमीपणा नाही.

आणि एक सांगते, सगळ्या कॉन्फरन्सचे नियम सारखे नसतात, हे न वाचता लोक अडकतात. शिकागोला कॅन्सरची जी मोठी मीटिंग होते, आस्को, तिथे लेट-ब्रेकिंगसाठीसुद्धा मेन डेडलाईनलाच हात वर करावा लागतो. म्हणजे तेव्हाच ट्रायलचा आराखडा देऊन सांगायचं की आमचं आधीच ठरलेलं ॲनालिसिस येत्या आठवड्यांत होणार आहे, आकडे नंतर भरू. ती तारीख गेल्यावर जाग आली तर काही उपयोग नाही. याउलट बऱ्याच ठिकाणी लेट-ब्रेकिंगचं पोर्टल वेगळंच उघडतं, आणि तिथे अट असते की हेच काम रेग्युलरला दिलेलं नसावं.

आस्कोचं नाव निघालं की मला टाटा मेमोरियलचं २०१५ चं काम आठवतं, आणि मराठी वाचकांना ते माहीत असायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तोंडाचा कॅन्सर, आपल्याकडे तंबाखू आणि गुटख्यामुळे घराघरात माहीत असलेला. सुरुवातीच्या स्टेजला तोंडातली गाठ काढतात, पण मानेत अजून काही हाताला लागत नसेल तर मानेच्या गाठी त्याच ऑपरेशनमध्ये काढायच्या की नंतर काही उगवलं तर काढायच्या? जगभरचे सर्जन यावर कित्येक दशकं भांडत होते. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टीमने २००४ पासून पेशंट घ्यायला सुरुवात केली, दहा वर्षं घेत राहिले. पहिल्या पाचशे पेशंटच्या ॲनालिसिसमध्ये तीन वर्षांनी जिवंत असलेले, आधीच मान साफ केलेल्यांत ८० टक्के, थांबून बघितलेल्यांत ६७.५ टक्के. म्हणजे साधा हिशोब, आठ जणांची मान वेळेत साफ केली की एक जास्त माणूस तीन वर्षांनी घरी असतो. डेटावर देखरेख ठेवणाऱ्या कमिटीनेच ट्रायल थांबवायला सांगितली. ३१ मे २०१५ ला शिकागोच्या प्लेनरीत ते सादर झालं, ॲबस्ट्रॅक्ट नंबर एलबीए ३, म्हणजे लेट-ब्रेकिंग ॲबस्ट्रॅक्ट, आणि त्याच दिवशी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पेपर आला. परळच्या हॉस्पिटलमधला निकाल, जगातल्या सगळ्यात मोठ्या कॅन्सर मीटिंगच्या मुख्य स्टेजवर. एलबीए या तीन अक्षरांचा तिथला अजून एक अर्थ असा की बाकीचे ॲबस्ट्रॅक्ट मे महिन्यात आधीच खुले होतात पण हे मात्र सादर होईपर्यंत बंद लिफाफ्यात राहतात.

तो निकाल इतका जड का होता? तर त्यात घाई कुठेच नव्हती. लेट-ब्रेकिंग ऐकलं की लोकांना वेग आठवतो, मला दहा वर्षं आठवतात.

आता त्या रात्रीच्या फोनमधला दुसरा प्रश्न, खरं म्हणजे तोच मुख्य. आत्ता जेवढा डेटा आहे तेवढा टाकू आणि नंतर दुरुस्त करू. यावर मी नेहमी स्ट्रीम ट्रायलचं उदाहरण देते. औषधांना दाद न देणारा टीबी, त्याचा जुना कोर्स वीस महिन्यांचा, आणि नवीन छोटा नऊ ते अकरा महिन्यांचा. इथिओपिया, मंगोलिया, दक्षिण आफ्रिका, व्हिएतनाम अशा चार देशांत ट्रायल झाली. प्रश्न असा की छोटा कोर्स मोठ्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाईट नाही ना. ऑक्टोबर २०१७ ला मेक्सिकोत ग्वादालाहाराच्या युनियन कॉन्फरन्समध्ये, म्हणजे टीबीवाल्यांच्या मोठ्या जागतिक कॉन्फरन्समध्ये, प्राथमिक निकाल सांगितले गेले. छोट्या कोर्सला ७८.१ टक्के, मोठ्याला ८०.६ टक्के, आणि अनिश्चिततेचा पट्टा त्या दहाच्या रेषेच्या किंचित पलीकडे गेला. म्हणजे "कमी नाही" असं सिद्ध होत नाही. मग मार्च २०१९ ला अंतिम पेपर आला, सगळा फॉलोअप पूर्ण झालेला, तर ७८.८ आणि ७९.८, पट्ट्याचं वरचं टोक ९.५ वर. सिद्ध झालं. आकडे टक्का-अर्ध्या टक्क्याने हलले आणि वाक्यातला "नाही" निघून गेला. त्यांनी ते प्राथमिक आहेत असं स्पष्ट सांगूनच मांडले होते, त्यात लपवाछपवी काही नव्हती, तरी मधलं दीड वर्ष लोक कुठलं वाक्य घेऊन फिरत होते याचा विचार करा.

आमच्याही बाबतीत एकदा हे घडलंय. लहान स्टडी होता, अकरा कल्चर बाकी असताना ॲबस्ट्रॅक्ट गेला, पोस्टर म्हणून घेतलाही गेला. मग ती अकरा आली आणि मुख्य आकडा बदलला, फार नाही पण बदलला. छापलेल्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये एक आकडा आणि भिंतीवरच्या पोस्टरवर दुसरा. ज्या मुलीने ते पोस्टर लावलं होतं ती दोन तास तिथे उभी राहून प्रत्येकाला समजावत होती की का बदलला. एका वयस्कर प्रोफेसर बाईंनी तिला शांतपणे विचारलं, "मग उरलेले यायच्या आधी पाठवलं का बाळा?" तिने मला फोन करून हे सांगितलं, तेव्हा माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हतं, कारण तो आकडा मीच पाठवला होता.

म्हणून मधले निकाल दाखवायचेच असतील तर ते कधी आणि किती पेशंटवर दाखवणार हे आधीच लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. २०१९ ला हैदराबादला ५० वी युनियन कॉन्फरन्स झाली तेव्हा मी गेले होते, रात्रीच्या गाडीने. तिथे टीबीवरच्या एम७२ या नव्या लसीचे अंतिम निकाल सांगितले गेले. केनिया, दक्षिण आफ्रिका, झांबियातले प्रौढ, टीबीचा जंतू अंगात आहे पण आजार नाही असे. तीन वर्षांत लस घेतलेल्यांत १३ जणांना फुप्फुसाचा टीबी झाला, न घेतलेल्यांत २६ जणांना, म्हणजे जवळपास पन्नास टक्के संरक्षण. त्याच्या आदल्या वर्षी जे मुख्य ॲनालिसिस आलं होतं त्यात १० आणि २२ होते, ५४ टक्के. आकडा खाली आला तरी कुणाला फसवणूक वाटली नाही, कारण दोन्ही वेळा कधी मोजणार हे आधी ठरलेलं होतं. चहाच्या रांगेत माझ्या पुढे उभा असलेला एक टेक्निशियन, तो नागपूरकडचा निघाला, मराठीत म्हणाला, "तेरा आणि सव्वीस, एवढ्याशा आकड्यांवर अख्खं जग थांबलंय बघा." मला ते वाक्य अजून आठवतं. २०२४ च्या मार्चमध्ये त्या लसीची तिसऱ्या टप्प्याची ट्रायल दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली.

बरं, आता लिहिण्याचं. शब्दमर्यादा कडक असते, आस्कोला २,६०० कॅरेक्टर, त्यात टेबलसुद्धा. तरी लोक पहिल्या दोन ओळी टीबी ही मोठी सार्वजनिक आरोग्य समस्या आहे यावर घालवतात. अरे बाबांनो, वाचणारा रिव्ह्यूअर तीस वर्षं टीबीतच आहे, त्याला सांगायची गरज नाही. तो काय बघतो ते मी रिव्ह्यू करणाऱ्यांकडून ऐकलंय, किती जणांना घेतलं, किती शेवटपर्यंत राहिले, मधले कुठे गेले, आधी ठरवलेला मुख्य आऊटकम कोणता, तोच सांगितलाय की दुसराच, आणि त्रास किती जणांना झाला. रँडमाईज्ड ट्रायलच्या, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडलेल्या ट्रायलच्या, ॲबस्ट्रॅक्टमध्ये काय असावं यासाठी २००८ पासून कॉन्सोर्टची, म्हणजे ट्रायलचा रिपोर्ट कसा लिहावा ते सांगणाऱ्या नियमावलीची, वेगळी यादी आहे, एक पान आहे फक्त, समोर ठेवून लिहा. आणि हो, रजिस्ट्रेशन नंबर. आपल्याकडे सीटीआरआय, म्हणजे ट्रायलची सरकारी रजिस्ट्री, २००७ ला सुरू झालं, १५ जून २००९ पासून ट्रायलला रजिस्ट्रेशन सक्तीचं आहे आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच करावं लागतं. रिव्ह्यूअर तो नंबर टाकून बघतात. रजिस्ट्रीत मुख्य आऊटकम सहाव्या महिन्याचं कल्चर आणि ॲबस्ट्रॅक्टमध्ये दुसऱ्या महिन्याचं, असं असेल तर तिथेच संपलं. "सविस्तर निकाल कॉन्फरन्समध्ये सांगू" हे वाक्य तर कृपया लिहू नका, निकाल नसेल तर ॲबस्ट्रॅक्ट नाही.

निकाल उलटा आला तर टाकायचा का असंही विचारतात. नक्की टाकायचा. २०२२ ला बार्सिलोनाला युरोपियन कार्डिओलॉजीच्या हॉट लाईन सेशनमध्ये, म्हणजे त्यांच्या लेट-ब्रेकिंगमध्ये, इन्व्हिक्टस ट्रायल आली, एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन यांनी मांडली, २४ देशांतले साडेचार हजारांवर पेशंट. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेले, हृदयाचे ठोके अनियमित असलेले लोक, ज्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी लागते. सगळ्यांना वाटत होतं नवीन रिव्हॅरोक्झाबॅन निदान जुन्या गोळीइतकी तरी असेल, कारण जुन्या गोळीला सारखं रक्त तपासावं लागतं. निघालं उलटंच, जुन्या गोळीवरचे लोक जास्त जगले. हा आजार गरिबाघरचा आहे, आपल्या प्रत्येक सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत दिसतो, त्यामुळे तो निकाल लवकर कळणं किती गरजेचं होतं.

वेळेचं गणित वेगळंच. युरोपातल्या कॉन्फरन्सची डेडलाईन रात्री ११:५९ असते, पण उन्हाळ्यात तिथलं घड्याळ एक तास पुढे असतं, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे ३:२९. हिवाळ्यात ४:२९. एक ओळखीची टीम ४:२९ धरून बसली होती, साडेतीनला पोर्टल बंद झालं, तेव्हा त्यांचं फक्त एका सहलेखकाचं डिक्लेरेशन राहिलं होतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं असेल तर उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी ९:२९. आधी हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. आणि सगळ्या सहलेखकांच्या डिक्लेरेशनच्या लिंक डेटा यायच्या आधी, निकाल रिकामा ठेवून, पाठवून द्या, कारण एक सर नेहमी प्रवासात असतात आणि त्यांचा ओटीपी दुसऱ्याच फोनवर जातो.

स्वीकारल्याचा मेल आला की खरी परीक्षा एम्बार्गोची. सादर होईपर्यंत आकडा बाहेर जायचा नाही. आपल्याकडे अभिमान पटकन बाहेर पडतो, कुणीतरी मेलचा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवतं, त्यात शीर्षक असतं आणि शीर्षकातच निकाल असतो. मग कॉलेजची प्रेसनोट, मग जिल्हा आवृत्तीच्या बातमीदाराचा फोन. मी आता टीमला आधीच सांगते, शीर्षकात निकाल लिहायचाच नाही, आणि स्टेटसला फक्त "निवड झाली" एवढंच. पेपरचं काय होईल अशी भीती घालतात काहीजण, तर कॉन्फरन्समधला ॲबस्ट्रॅक्ट ही आधीची प्रसिद्धी धरत नाहीत बहुतेक मोठी जर्नल्स, पण स्लाईडच्या पलीकडे जाऊन सगळी टेबलं वाटत सुटलात तर गोष्ट वेगळी.

आणि पैसा, व्हिसा. याबद्दल मला खरंच राग आहे. लेट-ब्रेकिंगचा निर्णय कॉन्फरन्सच्या महिना-दीड महिना आधी कळतो. शेंगेन व्हिसाला अर्ज केल्यावर साधारण पंधरा दिवस, पण अपॉइंटमेंटच मिळत नाही. प्रवास अनुदानाचे अर्ज त्याच्या कितीतरी आधी संपलेले असतात. म्हणजे ज्याचा निकाल सगळ्यात ताजा त्यालाच पोचायला सगळ्यात कमी वेळ, आणि पासपोर्ट ज्या देशाचा त्यावर ठरणार कोण स्टेजवर उभं राहणार. २०२२ ला माँट्रियलच्या एड्स कॉन्फरन्सला आफ्रिकेतल्या कितीतरी लोकांना व्हिसा मिळाला नाही, त्यावर जाहीर निषेध झाला, ज्यांच्या देशात तो आजार आहे तेच बाहेर. आमच्या मागच्या वेळी सादरीकरण परदेशातल्या सहलेखकाने केलं. त्याने छान केलं, प्रत्येक स्लाईडवर इथल्या टीमचं नाव घेतलं. पण तालुक्यातल्या घराघरात फिरून डब्या गोळा करणारी आमची फिल्ड कोऑर्डिनेटर ताई पुण्याच्या ऑफिसात मोबाईलवर ते बघत होती, नेट मध्येमध्ये अडकत होतं, आणि शेवटी टाळ्या वाजल्या त्या तिला ऐकू आल्याच नाहीत. निदान लाईव्ह जोडून सादर करायची सोय लेट-ब्रेकिंगवाल्यांना तरी कायम ठेवा, कोविडच्या काळात जमत होतं ना.

ॲबस्ट्रॅक्टवर थांबू नका हेही सांगायचं राहिलं. कोक्रेन या मेडिकल रिसर्चचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१८ ला तीन लाखांहून जास्त कॉन्फरन्स ॲबस्ट्रॅक्ट बघितले, त्यातले पूर्ण पेपर म्हणून छापले गेले ते ३७ टक्के. रँडमाईज्ड ट्रायलमध्ये साठच्या आसपास. बाकीचे पेशंट, त्यांचे बेडके, त्यांचं रक्त, सह्या केलेले कन्सेंट फॉर्म, सगळं त्या अडीचशे शब्दांत संपलं. म्हणून मी ॲबस्ट्रॅक्टचं ॲनालिसिस करतानाच पेपरची टेबलं काढून ठेवते.

तर काल सकाळी तिच्याशी बोलले. आमची ट्रायल डबल ब्लाइंड आहे, कोण कुठल्या गटात ते तिलाही माहीत नाही आणि मलाही नाही, कोड फुटणार डेटा लॉक झाल्यावरच. म्हणून चार ट्यूब येईपर्यंत काहीच जाणार नाही. ती आधी गप्प झाली, मग म्हणाली, "मॅडम मग वेळ पुरेल का?" आम्ही तारखा मांडल्या. शेवटची ट्यूब पुढच्या बुधवारी बेचाळीस दिवस पूर्ण करते. लॅबच्या मॅडम म्हणाल्या मी स्वतः मशीनचा प्रिंट काढून सही करून स्कॅन पाठवते, दुपारी दोनपर्यंत. बुधवारी संध्याकाळी डेटातल्या शंका (क्वेरी) संपवून लॉक, गुरुवारी सकाळी कोड, माझा प्रोग्रॅम खोट्या गटांवर तीनदा चालवून तपासून ठेवलाय. ॲबस्ट्रॅक्टचा सगळा मजकूर आकड्यांच्या जागा मोकळ्या सोडून तयार आहे, निकाल कुठल्याही बाजूला गेला तरी बसतील अशी शेवटची दोन वाक्यं तिने लिहून ठेवलीत, एक हे एक ते. शुक्रवारी रात्री पोर्टल बंद, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे ३:२९.

चारातली एक ट्यूब कंटॅमिनेट निघाली तर? तर तो पेशंट आधी लिहून ठेवलेल्या नियमाने मोजला जाईल, आणि तसं ॲबस्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं असेल. ताईला मी तरी सांगून ठेवलंय, त्या चौघांचे पत्ते हाताशी ठेव. ती म्हणाली पत्ते कशाला लागतात, चारही घरं मला पाठ आहेत.